फाटक्या जाळ्याचा वाटा

आमच्या हिचं पहिलं प्रदर्शन साठी उलटल्यावर समुद्रकिनाऱ्यावर भरलं आणि त्या प्रदर्शनाचा हमाल म्हणून मी आचऱ्याला चार दिवस जाऊन आलो. हमालाला चित्रातलं काही कळत नाही, ओझ्यातलं कळतं. तेव्हा कलेचं समीक्षण वगैरे कुणाला हवं असेल तर त्यांनी इथंच थांबावं. मी आपलं काय पाहिलं, काय खाल्लं आणि काय घडलं तेवढं सांगणार आहे.

ही म्हणजे वसुधा. कोल्हापुरातल्या एका शाळेत तिनं जन्मभर चित्रकला शिकवली. शिकवली म्हणजे काय, तर दुसऱ्यांची चित्रं सुधारली. स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवले, पाहुण्यांच्या स्वागताचे फलक लिहिले, परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या हाताला वळण लावलं. स्वतःचं म्हणून काही केलं नाही. नोकरीत असताना विचारलं की म्हणायची, "वेळ कुठाय?" निवृत्त झाल्यावर विचारलं तर, "आता या वयात काय काढायचं?" मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस. मला दोन्ही उत्तरं पटायची.

मग एक दिवस तिनं सांगितलं, की मालवणच्या बाजूला एका किनाऱ्यावर कलेचा मेळा भरतोय आणि त्यात तिची निवड झाली आहे. अर्ज केल्याचा पत्ताच नव्हता मला! तिथं भिंतीवर टांगून लांबून बघायची चित्रं नसणार होती. लोकांनी हात लावावा, आपली भर घालावी, आणि समुद्र, किनारा, कचरा यांचं पुढं कसं करायचं याबद्दल त्यांच्या डोक्यातले उपाय बाहेर यावेत, अशा वस्तू उभ्या करायच्या होत्या. वसुधाची कल्पना साधी होती. कोळ्यांकडून एक फाटकं जाळं घ्यायचं आणि दोन खांबांमध्ये टांगायचं. त्यातल्या भोकांना लाल दोऱ्यानं किनार करून प्रत्येक भोकाला माशाचा आकार द्यायचा. शेजारी चिंध्यांची टोपली आणि एक फलक: 'या भोकांतून काय निसटून गेलं? ते परत यावं म्हणून काय करू या? चिंधीवर लिहा आणि भोकाला बांधा.' लोकांच्या उत्तरांनी हळूहळू भोकं भरत जातील, असं तिचं स्वप्न होतं.

शुक्रवार

राधानगरीच्या पुढं रस्ता वळणं घ्यायला लागला तशी ती खिडकीबाहेर बघत बसली. मागच्या सीटवर तिच्या जुन्या साड्यांच्या चिंध्यांची दोन गाठोडी होती. घाट उतरून फोंडाघाटच्या बाजारात चहाला थांबलो. आमच्याकडं असतो त्यापेक्षा चहा कमी गोड, हे मी कारखान्याच्या सवयीनं ताबडतोब नोंदवलं. तिनं कप तसाच धरून ठेवला होता.

"लोकांनी काही लिहिलंच नाही तर?" ती म्हणाली.

"लिहितील की."

"नाही लिहिलं, तर मी परत हे असलं काही करायची नाही हं. आधीच सांगून ठेवते. पोरांचे हात सुधारणं, ते बरं आपलं."

हे ती हसत म्हणाली. पण पस्तीस-छत्तीस वर्षांच्या संसारात माणसाला कोणतं हसणं खरं ते कळतं. सोमवारी मुंबईहून काही मंडळी येणार होती आणि मेळ्यातल्या दोन-तीन कलाकृती निवडून मुंबईच्या प्रदर्शनात नेणार होती. वसुधा त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती, म्हणजे तिच्या मनात तेच होतं. मी मनातल्या मनात ठरवलं, की तिचं जाळं मुंबईला गेलंच पाहिजे. ते तिथपर्यंत उचलून न्यायलाही मी तयार होतो.

आचऱ्याला आमची सोय शालिनीवहिनींच्या घरी केली होती. नवरा मुंबईत नोकरीला, घरात त्या आणि त्यांचे सासरे आबा. आबांचं वय ऐंशीच्या अलीकडं-पलीकडं, नजर अधू झालेली, हात मात्र सारखे काहीतरी चाळवत असायचे. दारात पाय ठेवतो तोच वहिनी म्हणाल्या, "येवा, बसा. घाटात गाडी लागली नाय मा? जेवान तयार आसा."

आणि मग पंचाईत झाली. वसुधा मासे खात नाही. मी सगळं खातो, माझ्या बाजूनं काही अडचण नव्हती.

"बाई मासे खायत नाय?" वहिनींनी कपाळाला हात लावला. "अगो बाय माझे! मगे मी रांधू काय?"

रांधलं मात्र त्यांनी फर्मास. काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे आणि सोलकढी. आमच्याकडं पाहुणा आला की तांबडा-पांढरा रस्सा करतात आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की यजमान समाधानानं बघतो. इथं पाहुण्याला निवांत करायची पद्धत आहे. तिसरी वाटी सोलकढी पिऊन झाली तेव्हा मी इतका निवांत झालो होतो, की खाली ठेवलेलं गाठोडं उचलायचं माझ्या जिवावर आलं.

जाळं आबांचंच होतं. ते त्यांनी माळ्यावरून काढायला लावलं. इथं रापण ओढतात. रापण म्हणजे लांबलचक मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकत जायचं आणि त्याची दोन्ही टोकं माणसांनी किनाऱ्यावरून ओढायची. हे सबंध जाळं एका मालकाचं नसतं. घराघराचा एकेक तुकडा असतो, ते तुकडे जोडून रापण होते, आणि ज्याचा तुकडा त्याला मासळीत जाळ्याचा वाटा मिळतो. आबांचा तुकडा फाटला तेव्हा मुलगा मुंबईत गेलेला, नजर गेलेली. तो तुकडा माळ्यावर गेला आणि रापणीत आबांच्या जागी दुसरा जोडला गेला.

"माळ्यार पडान आसा. उंदीर सोडून कोण तेका हात लावणा नाय," आबा म्हणाले. "घेवन जावा बाई. तुमका फाटकाच होया मा?"

"वाटा मिळत नाही याचं वाईट वाटत असेल," वसुधा म्हणाली.

"वाट्याचा काय नाय गो. पन रापण लागली की आराडओराड हयसर आयकाक येता. मगे मी घरात दार लोटून बसान ऱ्हवतंय."

वसुधानं जाळं उचललं आणि माझ्याकडं दिलं. ते भलतंच जड होतं.

शनिवार

सकाळ सुरूच्या लाकडाचे दोन खांब रोवण्यात गेली. जागा सुरूच्या बनाला लागून, सावलीची. मी खड्डे खणले. घामाघूम होऊन चपला काढल्या आणि जरा खाली, ओल्या गार वाळूवर नेऊन ठेवल्या. आमच्याकडं रंकाळ्याचं पाणी जिथं असतं तिथंच राहतं. समुद्राचं तसं नाही, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, पण चपला ठेवताना आठवलं नाही. तासाभरानं बघतो तर एक चप्पल गायब. कोल्हापुरी माणूस, कोल्हापुरी चप्पल, आणि तीसुद्धा एकच! उरलेली एक हातात धरून मी किनाऱ्यावर उभा होतो, ते दृश्य वसुधाला इतकं आवडलं की सकाळपासून पहिल्यांदा ती मोकळेपणी हसली. चप्पल गेल्याचं मला त्यामुळं फारसं दुःख झालं नाही.

मेळा देखणा होता. एकानं रिकाम्या बाटल्यांचं प्रचंड कासव केलं होतं. किनाऱ्यावरचा कचरा उचलून त्याच्या तोंडात टाकायचा, म्हणजे पोट भरत जातं. पोरांनी पोट तासाभरात भरलं आणि मग घरून कचरा आणायला पळाली. पुण्याच्या एका तरुणानं माणसाएवढा कागदी शंख केला होता. त्यात तोंड घालून 'समुद्रासाठी मी काय करीन' ते बोलायचं आणि आत ते ध्वनिमुद्रित होणार. एका बाईंनी खूप वेळ विचार करून शंखात विचारलं, "आमच्या वाडीतल्या नळाक पानी कधी येतला?" तो तरुण जरा हिरमुसला. मला तो प्रश्न चांगला वाटला. शंखासमोर माणूस खोटं कशाला बोलेल?

आणि वसुधाचं जाळं. काय सांगू! दोन खांबांमध्ये ते टांगलं, तिनं लाल दोऱ्यानं किनारी घातल्या, आणि मागून समुद्र दिसायला लागला. जाळ्यात भोकांचे मासे, आणि त्या माशांच्या पोटात पाणी हलतंय. मी बघतच राहिलो. इतकी वर्षं ही बाई दुसऱ्यांच्या चित्रांवर लाल पेन्सिलीनं खुणा करत राहिली याचा मला त्या क्षणी संताप आला.

लोक आले. बहुतेक पर्यटक. जाळ्यापुढं उभे राहून त्यांनी फोटो काढले. माशाच्या भोकातून तोंड बाहेर काढून काढले. चिंध्याही बांधल्या, नाही असं नाही. 'समुद्र वाचवा'. 'आय लव्ह मालवण'. एकीवर बदामात दोन नावं होती. गावातल्या बायका येता-जाता थांबायच्या, जाळ्याकडं बघायच्या, आपसात काहीतरी बोलायच्या आणि पुढं जायच्या. वसुधा टोपली पुढं करायची. त्या हसून मान हलवायच्या. "आमी काय लिवतलो, बाई?"

संध्याकाळी मेळ्याची व्यवस्था बघणारी इरा नावाची मुलगी म्हणाली, "काकू, खूप सुंदर फोटो येतायत!"

"हो का?" वसुधा म्हणाली. तिनं एकेक चिंधी वाचली आणि तशीच बांधलेली ठेवली. घरी येताना ती माझ्या पुढं चालत होती. मी गाठोडं घेऊन मागं.

रविवार

सकाळी अजून थोड्या चिंध्या. दुपारी वहिनींनी जेवायला बोलावलं. बांगड्याचं तिखलं, भात, वसुधासाठी वालीची भाजी. जेवणानंतर या गावात माणूस, कुत्रं, कावळा कुणीही जागं राहत नाही अशी माझी समजूत झाली होती. आम्हीही आडवे झालो. वसुधा म्हणाली, "मी जरा जाऊन बघू का?" मी म्हटलं, "झोप गं. आता कोण येतंय जाळ्यापाशी?"

चारच्या सुमाराला आम्ही किनाऱ्यावर गेलो, तर जाळ्यापाशी गर्दी.

आठ-दहा बायका वाळूवर पाय पसरून बसल्या होत्या. जाळं खांबांवरून सैल करून मांड्यांवर घेतलेलं. प्रत्येकीच्या हातात जाळं विणायची सुई. आणि मधोमध, शालिनीवहिनींच्या शेजारी आबा, डोळे मिटून, बोटांनी चाचपत, गाठीमागून गाठ मारत होते. वसुधाचे लाल किनारीचे मासे बहुतेक सगळे मिटले होते. जिथं जिथं समुद्र दिसत होता तिथं आता हिरवा नवा दोरा दिसत होता.

वसुधा जागच्या जागी उभी राहिली.

पारूमावशी नावाच्या एक जाडजूड, हसऱ्या बाई होत्या. त्यांनी मान वर केली. "बाई, दोन भोका ऱ्हवली आसत. चाय घेवन येवा, तवसर होतला."

"पण... तुम्ही हे शिवलंत का?" वसुधाचा आवाज बारीक झाला होता.

"का म्हणजे?" मावशींना प्रश्नच समजला नाही. "चिंदी बांधलेली दिसली. काल दिसली, आज आनीक दिसली. आमी म्हटला, फाटक्या जाळ्याक चिंद्यो बांधून ठेवलेत आनी शिवनारो कोण गावत नाय, बिचारी बाई टोपली घेवन सगळ्यांका इचारता!"

मग हळूहळू उलगडा झाला. इथं जाळं ओढताना कुठं फाटलेलं दिसलं, की हाताला लागेल ती चिंधी त्या जागी बांधायची रीत आहे. नंतर निवांत बसून जाळं नीट करताना ती चिंधी बघून कळतं, इथं शिवायचं. ज्याचे हात मोकळे असतील तो बसतो. कुणाचं जाळं, हे विचारत नाहीत. म्हणजे वसुधानं फलकावर काय लिहिलं होतं ते गावानं वाचलंच नव्हतं. गावानं चिंध्या वाचल्या होत्या. आमच्या कोल्हापुरात दुसऱ्याच्या फाटक्या वस्तूला हात लावला तर 'तुला कुणी सांगितलं?' असं आधी ऐकावं लागतं. इथं दोन दिवस हात लावला नाही म्हणून बायकांना ओशाळल्यासारखं झालं होतं.

"तुमच्यो चिंद्यो सांबाळून टोपलीत ठेवलंव हां," मावशी म्हणाल्या. "एक पन हरवूक नाय."

इरा धावत आली. ती रडकुंडीला आली होती. "काकू, मला खरंच कळलं नाही. मी जेवायला गेले होते. उद्या सकाळी मुंबईचे लोक येणार... आपण परत कापू या का? अजून वेळ आहे."

वसुधानं पिशवीतून कात्री काढली. ती कात्री घेऊन जाळ्यापाशी बसली आणि नव्या शिवलेल्या जागेवर हात ठेवला. बायकांच्या सुया थांबल्या. आबांना दिसत नव्हतं, पण सगळं थांबलं हे त्यांना ऐकू आलं असावं.

"काय झाला गो?" ते म्हणाले. "बाईंका पसंत नाय पडला काय? माझी गाठ ढिली झाली? डोळे नाय रे आता. परत मारतंय मी, दाखव खंयची ती."

वसुधानं कात्री पिशवीत ठेवली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. तिचे डोळे भरले होते, पण ते कशानं हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

"गाठ घट्ट आहे, आबा," ती म्हणाली. "मला पण दाखवा ना कशी मारायची."

राहिलेल्या दोन भोकांतलं एक तिनं शिवलं. म्हणजे पारूमावशींनी शिवलं आणि हिनं तीन-चारदा दोरा गुंतवला. त्यावर बायका जाम हसल्या. आणि हात चालू झाले तशी तोंडंही चालू झाली. वसुधानं सहज विचारलं, "मावशी, या भोकातून काय गेलं असेल हो?"

"पेडवे गेले," मावशी ताबडतोब म्हणाल्या. "पयले टोपली टोपली येयत. आता बारक्या भोकांच्या जाळ्यान पोराटोरांसकट उपसून नेल्यानी, तर उरतले खंयसून? बारको मासो जावक दिलो तर फुडल्या वर्सा मोठो होवन येतलो मा?"

मग दुसरी बोलली. प्रखर दिवे लावून येणाऱ्या मोठ्या बोटींबद्दल. तिसरी म्हणाली, की नासकी जाळी लोक समुद्रातच तोडून टाकतात आणि त्यात कासवं अडकून मरतात. फाटलेलं जाळं किनाऱ्यावर आणायचं, असा गावानंच नेम करायला पाहिजे. "आनून खंय ठेवचा?" असं चौथीनं विचारलं, तर आबा डोळे मिटूनच म्हणाले, "हय. ह्ये दोन खांब आसतच मा. हय टांगूचा. ज्येचे हात मोकळे, तेनी शिवचा."

वसुधानं टोपली पुढं ओढली, चिंध्या आणि पेन काढलं. "हे लिहाल का कुणी?"

"तुमी लिवा," मावशी म्हणाल्या. "आमचे हात गुतलेले आसत."

त्या सांगत गेल्या आणि ती लिहीत गेली. जन्मभर शाळेच्या फळ्यावर वळणदार अक्षरात सुविचार लिहिणारी माझी बायको वाळूत मांडी घालून मालवणी लिहीत होती. अडलं की विचारत होती, आणि चुकलं की बायका ते दुरुस्त करत होत्या. जाळ्याला बांधायला भोक उरलं नव्हतं, म्हणून त्या आणि टोपलीतल्या आधीच्या सगळ्या चिंध्या तिनं खांबांना बांधल्या. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा दोन्ही खांब चिंध्यांनी भरून गेले होते.

आता एवढ्यावर थांबलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. भोकं गेली तरी शिवलेलं जाळं आणि बोलके खांब उद्या मुंबईकरांना दाखवता आले असते. पण उठता उठता रापणीचे म्होरके दाजी तिथं आले. त्यांनी जाळं दोन्ही हातांनी ताणून बघितलं.

"आबानु, तुमचो तुकडो बरो झालो. आमचो एक तुकडो कुजलो आसा. फाल्या सकाळी रापण टाकतलंव. ह्यो जोडूया?"

आबांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी पाहिलं. पण ते म्हणाले, "माका कित्याक इचारतस? मी बाईंका दिलंय. त्येंका इचार."

सगळ्यांनी वसुधाकडं बघितलं. वसुधानं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी, भुवयांनी, होता नव्हता तेवढ्या चेहऱ्यानं 'नाही' म्हणत होतो. उद्या सकाळी! एकच सकाळ! परवा न्या म्हणावं, काय अडलंय?

"न्या," वसुधा म्हणाली.

घरी येताना मी चिडलो. "तुझं पहिलं काम होतं ते," मी म्हणालो. "उद्या त्यांना काय दाखवणार? दोन वासे?"

ती चालता चालता म्हणाली, "काय करू या, असं मीच विचारलं होतं ना? आणि आता लोक करायला लागले, तर थांबा म्हणू? फोटो काढून होईपर्यंत?"

आबा आमच्यापुढं वहिनींचा हात धरून चालले होते आणि मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होते.

सोमवार

त्या दिवशी रापण लागली तेव्हा आबा दार लोटून बसले नाहीत. आम्ही किनाऱ्यावर पोचायच्या आत ते तिथं हजर होते. होडी जाळं टाकून वळून आली आणि दोन्ही बाजूंनी माणसं दोराला लागली. बायका, म्हातारे, पर्यटक, शंखवाला पुणेकर, सगळे. दोराला हात लावला की तो माणूस रापणीचा, मग त्याला मासळीतला वाटा देतात, असं कळल्यावर मीही लागलो. अनवाणी होतोच. आबांचा हात वसुधानं दोरावर ठेवला आणि त्यांच्या मागं ती उभी राहिली. पाय वाळूत रोवायचे, मागं झुकायचं, एका दमात ओढायचं. कारखान्यात मी उसाच्या मोळ्या उचलणारी माणसं पाहिली होती, पण तिथं प्रत्येकजण आपापली मोळी उचलतो. एवढी माणसं एकाच दोरीला मी पहिल्यांदाच पाहिली.

मुंबईची मंडळी आली ती आम्ही असे मागं झुकलेले असताना. इरानं त्यांना दोन खांब दाखवले आणि समुद्राकडं बोट केलं. "ते काम आत्ता पाण्यात आहे. थोडं थांबलात तर बाहेर येईल."

त्यांना मालवणला जेवायचं होतं. त्यांनी खांबांचे फोटो काढले, चार-सहा चिंध्या वाचल्या, छान छान म्हणाले. त्यातल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी सँडल काढून थोडा वेळ दोर ओढला. मग गाडीतून हाक आली तशा त्या हात झटकत गेल्या. कासवाची आणि शंखाची निवड झाली. पुणेकर पोरगा दोर सोडून वसुधाला सांगायला आला आणि मनापासून वाईट वाटून चेहरा पाडून उभा राहिला. वसुधानं त्याचे दोन्ही गाल धरले. "अरे, छान झालं! जा, परत दोराला लाग."

तिला काहीच वाटलं नसेल असं मी म्हणणार नाही. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती तिकडं बघत होती. मलाही वाटलं, खूप वाटलं. मी दोर जरा जास्तच जोरात ओढला.

जाळं वाळूवर आलं. बांगडे, पेडवे, थोडी सुंगटं म्हणजे आपली कोळंबी, दोन-तीन खेकडे, एक बाटली आणि एक रबरी स्लीपर. माझी चप्पल नव्हती. फार मोठी मासळी नव्हे म्हणे, पण बरी. पारूमावशी पहिल्यांदा वाकल्या आणि बोटभर लांबीचे मासे ओंजळीनं वेचून परत पाण्यात टाकायला लागल्या. काल चिंधीवर त्यांनी हेच सांगितलं होतं. मग आणखी दोघी वाकल्या.

मग वाटे पडले. वाळूवर मासळीचे लहान लहान ढीग. दाजी ज्याचा त्याचा वाटा लावून देत होते. दोर ओढणारे म्हणून आम्हा दोघांनाही एकेक ओंजळ मिळाली. हमालालाही वाटा देणारं हे गाव मला कायमचं आवडलं.

शेवटी जाळ्याचे वाटे राहिले. दाजींनी जरा मोठा ढीग बाजूला केला. "ह्यो आबानुंच्या तुकड्याचो. आबानु, घेवा."

आबा पुढं झाले. वाकून त्यांनी मासळी हातानं चाचपली, एक बांगडा उचलून वास घेतला आणि परत ठेवला. किती वर्षांनी हा वाटा त्यांच्यापुढं पडला होता! मग ते सरळ उभे राहिले.

"माझो नाय ह्यो," ते म्हणाले. "जाळा बाईंचा. टांगल्यान तेनी, म्हणान शिवला. बाई, फुडे येवा. वाटो घेवा."

"आबा, अहो, मी मासे खात नाही," वसुधा म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नसावं.

"खाव नको," आबा म्हणाले. "पन वाटो नाय म्हणूचो नसता, बाय."

वसुधा पुढं झाली. जन्मात मासळीला हात न लावलेली माझी बायको वाळूत गुडघे टेकून बसली, आणि दोन्ही हातांनी ते मासे उचलून चिंध्यांच्या रिकाम्या टोपलीत ठेवायला लागली. एकेक करून, सावकाश. ती रडत होती, आणि ते लपवत नव्हती. पारूमावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

टोपली भरली. चांगली जड दिसत होती. मी सवयीनं पुढं झालो आणि हात पुढं केले.

"राहू दे," ती म्हणाली. तिनं टोपली कमरेवर घेतली, इथल्या बायका घेतात तशी. ती थोडी कलली, मग सावरली. "माझी आहे. मी नेते."

आबांचा हात धरून ती घराकडं चालायला लागली. मी मागून चाललो, मोकळ्या हातांनी.